पटावर ५७, हजर ३३ : बालाघाटातील एका शाळेचा प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, धारूर आणि वडवणीच्या बाजूला, दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली ऊसतोड मजुरांची जोडपी, ज्यांना एक कोयता म्हणून मोजले जाते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा सीमेपलीकडे बेळगावकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही जातात. त्यामुळे या पट्ट्यातील जिल्हा परिषद शाळांमध्ये दरवर्षी अशी एक गोष्ट घडते, जी घडवून आणण्यासाठी अन्य देशांत संशोधकांना सरकारची परवानगी आणि मोठा निधी लागतो. तोच शिक्षक, तीच खोली आणि तेच पुस्तक असताना एका आठवड्यात वर्ग जवळजवळ निम्मा होतो.

२०१२ ते २०१६ या काळात मी अशाच एका केंद्राचा, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचा, केंद्रप्रमुख होतो. वर्गातील मुलांची संख्या कमी झाली म्हणजे शिकणे वाढते का, आणि वाढत असेल तर कोणत्या शिक्षकाच्या हाताखाली वाढते, हा प्रश्न मला केंद्रातील एका शाळेमुळे पडला. शाळेचे आणि गावाचे नाव येथे देत नाही. आकडे माझ्या त्या वेळच्या भेटवह्यांमधील आहेत. ते लहान आहेत आणि त्यांच्यावर किती भार टाकता येईल याची मर्यादा मला ठाऊक आहे.

शाळा आणि कागदावरचे प्रमाण

शाळा पहिली ते चौथीची होती. २०१२-१३ मध्ये पट ११४ होता : पहिलीत २९, दुसरीत २८, तिसरीत ३१ आणि चौथीत २६. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक स्तरावर ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार शिक्षक द्यावे लागतात. म्हणजे शाळेला चार पदे मंजूर होती आणि मंजूर पदांवर प्रमाण काढले तर एका शिक्षकामागे २८ ते २९ मुले येत होती. तालुक्याच्या तक्त्यात ही शाळा 'योग्य प्रमाण' या रकान्यात बसत असे.

प्रत्यक्षात चौथे पद रिक्त होते. त्या काळात राज्यात नवी शिक्षकभरती जवळपास थांबलेली होती, त्यामुळे ते पद लवकर भरले जाईल अशी आशा कोणी धरली नव्हती. पहिली एका बाईंकडे होती, दुसरी प्रभारी मुख्याध्यापकांकडे, आणि तिसरी-चौथीची एकत्रित ५७ मुले एका गुरुजींकडे. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेले की दुसरीची मुले याच खोलीत येऊन बसत आणि आकडा ८५ वर जाई. अशा बैठका महिन्यातून दोन-तीन तरी होत. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि वर्गाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवताना आम्ही सहज सांगतो, पण तक्ते भरताना विसरतो. पहिला आकडा भागाकाराने मिळतो. दुसरा मिळवायचा तर खोलीत जाऊन डोकी मोजावी लागतात.

त्यातही मोजण्याची तारीख महत्त्वाची ठरते. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळतील हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. आमच्या पट्ट्यात ही तारीख स्थलांतराच्या तोंडावर येते, त्यामुळे कागदावर सगळी मुले दिसतात. दिवाळीनंतर याच खोलीतील ५७ पैकी २४ मुले निघून गेली. नावे पटावरून कमी झाली नाहीत, कारण ती पाडव्याला परत येणार होती. पटावर ५७ राहिली आणि हजर ३३.

पहिला हिवाळा

ऑक्टोबरच्या मध्यावर मी त्या खोलीतील प्रत्येक मुलाची वाचनचाचणी घेतली होती. पद्धत 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीतील होती : अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्या, एकेका मुलाला बाजूला बसवून. मागे राहिलेल्या ३३ मुलांपैकी त्या वेळी ११ जणांना गोष्ट वाचता येत होती. फेब्रुवारीच्या शेवटी हीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा १३ जणांना वाचता आली. चार महिने खोलीत २४ मुले कमी होती आणि त्याची फळे म्हणून दोन वाचक वाढले. इतके तर भरल्या वर्गातही वाढले असते.

हे असे का झाले, हे चाचणीतून कळत नाही. वर्गात बसूनच कळते. मी सप्टेंबरमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा, घड्याळ समोर ठेवून, भाषेची ३५ मिनिटांची तासिका पाहिली होती. सप्टेंबरच्या तासिकेत १७ मिनिटे फळ्यावरचे उतरवून घेण्यात गेली आणि गुरुजींनी पाच मुलांचे प्रकट वाचन ऐकले. जानेवारीत उतरवून घेण्यात १६ मिनिटे गेली आणि वाचनही पाच मुलांचेच झाले. त्या पाचांपैकी चार मुले सप्टेंबरचीच होती, पुढच्या पट्टीवर बसणारी. मधल्या पट्ट्या रिकाम्या झाल्या होत्या, तरी मागची मुले भिंतीला टेकून आपापल्या जुन्या जागीच बसली होती. गुरुजींचा आवाज ५७ मुलांना पुरेल असा होता आणि तो ३३ मुलांसाठीही तेवढाच राहिला.

येथे गुरुजींवर अन्याय होऊ नये. ते वेळेवर येत, रजा क्वचित घेत आणि मुलांवर हात उगारताना मी त्यांना कधी पाहिले नाही. पोषण आहाराची नोंदवही, मतदारयादीचे काम आणि येईल ते सर्वेक्षण त्यांच्याच गळ्यात पडत असे. वीस वर्षे दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकत्र सांभाळलेल्या माणसाने एक रीत बसवलेली असते : एका वर्गाला फळ्यावरून लेखन द्यायचे, तोवर दुसऱ्याचा पाठ घ्यायचा आणि जी मुले बरोबर चालतात त्यांच्या आधारे पुस्तक पुढे न्यायचे. मोठ्या वर्गात तगून राहण्याची ही रीत आहे आणि तेथे ती समजण्यासारखी आहे. वर्ग लहान झाला म्हणून ती आपोआप सुटत नाही. ती सोडावी असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. मी केंद्रप्रमुख होतो, मीही सांगितले नव्हते.

दुसरा हिवाळा

जून २०१३ मध्ये गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. वय तिशीच्या आत, सेवा सहा वर्षांची. वर्ग तोच होता : आधीची तिसरी चौथीत गेली होती (३१) आणि दुसरी तिसरीत आली होती (२८), म्हणजे ५९ मुले. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी विशेष काही केले असे मला आढळले नाही. ऑगस्टच्या भेटीत मात्र खोलीची मांडणी बदललेली दिसली. तिसरी आणि चौथी अशी विभागणी भाषेच्या तासापुरती मोडून त्यांनी मुलांचे वाचनाच्या पायरीप्रमाणे चार गट केले होते. चौथीतील जी मुले अजून अक्षरांवर अडखळत होती ती तिसरीतील तशाच मुलांबरोबर गोल करून बसली होती. चौथीतील एका मुलाच्या वडिलांना हे आवडले नव्हते. माझ्या मुलाला खालच्या वर्गात बसवले, अशी त्यांची तक्रार होती आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यावर बराच वेळ गेला.

बाईंकडे दोनशे पानी एक वही होती. प्रत्येक पानावर एका मुलाचे नाव, त्याखाली तारखा, आणि तारखेपुढे तो कोठे अडखळला याच्या दोन-चार शब्दांच्या नोंदी : 'जोडाक्षर, प्र', 'ओळ सोडतो', 'ण-न', 'अर्थ सांगितला'. प्रत्येक मुलाने बाईंजवळ येऊन एक मिनिट वाचायचे, अर्धे मिनिट दुरुस्ती आणि नोंद. दिवाळीपूर्वी ५९ मुलांना हे रोज पुरवायचे तर जवळजवळ दीड तास लागला असता, म्हणून एका दिवशी निम्मी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली असा क्रम होता. दिवाळीनंतर २४ मुले गेली, ३५ राहिली, आणि सर्व मुलांचे वाचन रोज पन्नास-पंचावन्न मिनिटांत होऊ लागले. म्हणजे शनिवार धरून प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठवड्यात तीन वेळा येणारी बाईंची दीड मिनिटे आता सहा वेळा येऊ लागली.

वर्गाचा आकार शिकण्यापर्यंत कसा पोचतो, हे मला त्या वहीत पहिल्यांदा दिसले. गुरुजींच्या पद्धतीत मुलांची संख्या हा घटक कोठे शिरतच नव्हता. फळ्यावरचे वाक्य ३३ जणांनी उतरवले काय आणि ५७ जणांनी उतरवले काय, लागणारा वेळ तोच. बाईंच्या पद्धतीत प्रत्येक मुलामागे वेळ मोजून जात होता, त्यामुळे एक मूल कमी झाले की तो वेळ कोणाच्या तरी वाट्याला येत होता.

ऑक्टोबर २०१३ मध्ये या ३५ पैकी १४ मुलांना गोष्ट वाचता येत होती आणि फेब्रुवारीअखेर २५ जणांना. यात १८ मुले अशी होती की ती दोन्ही हिवाळे याच खोलीत होती, पहिला गुरुजींकडे तिसरीत आणि दुसरा बाईंकडे चौथीत. या अठरांपुरते सांगायचे तर पहिल्या हिवाळ्यात गोष्ट वाचणारी मुले पाचावरून सहा झाली आणि दुसऱ्यात सातावरून पंधरा.

या आकड्यांवर मी स्वतःच घेतलेले आक्षेप असे. मुले एका वर्षाने मोठी झाली होती आणि त्यांच्यातील काही जण परिच्छेदाच्या पायरीवर येऊन थांबली होती, म्हणजे उंबरठ्यावरच होती. गोष्ट वाचता येते किंवा येत नाही अशा दोनच भागांत मोजले की उंबरठ्यावरचे मूल एका पावलात वाचकांत जमा होते. चाचणी घेणारा मीच होतो आणि दुसऱ्या वर्षी मला काय पाहायला आवडेल हे मला माहीत होते. बाई नसत्या तरी त्यातली काही मुले वाचू लागलीच असती, ती किती हे सांगायला माझ्याकडे दुसरी तशीच शाळा नव्हती.

बाहेरचे पुरावे आणि ही खोली

या प्रश्नावरचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झाला. त्याचे नाव 'स्टार'. सुमारे ११,६०० मुले आणि त्यांचे शिक्षक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे तीन प्रकारच्या वर्गांत वाटले गेले : १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग, आणि नेहमीच्या वर्गाला एक मदतनीस. लहान वर्गातील मुले चाचण्यांत स्पष्टपणे पुढे राहिली आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांचा लाभ अधिक होता. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. हा निष्कर्ष माझ्या खोलीच्या अनुभवाशी पूर्णपणे जुळत नाही हे मान्य केले पाहिजे, कारण तेथील बहुतेक शिक्षकांना कोणतीही वेगळी पद्धत शिकवलेली नव्हती आणि तरीही मुले पुढे गेली. माझ्या मते फरक दोन गोष्टींचा आहे. तेथे वर्ग पंधरावर आला होता, आमचा ३३ वर आला होता, म्हणजे आमचा 'लहान' वर्ग त्यांच्या मोठ्या वर्गाहून मोठा होता. शिवाय तेथे एका खोलीत एकच इयत्ता होती आणि सुरुवात शाळेच्या पहिल्या वर्षापासून झाली होती. आमच्याकडे तिसरीच्या पुस्तकासमोर अक्षरे न ओळखणारी मुले बसली होती. त्यांच्यासाठी खोलीत १५ मुले असती तरी पाठ तितकाच परका राहिला असता.

आपल्याला जवळचा पुरावा बडोदा आणि मुंबईतील महानगरपालिका शाळांचा आहे. 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतीलच एक तरुणी, दरमहा ५०० ते ७५० रुपये मानधनावर, मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन मूळ अक्षर-अंक ओळखीपासून शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध केले. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती ठळक होती. त्यात आणखी एक बारकावा आहे आणि तो माझ्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे : ती मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग रोज दोन तास लहान होत होता, तरी वर्गात राहिलेल्या मुलांच्या गुणांत त्यामुळे वाढ दिसली नाही. म्हणजे आमचा पहिला हिवाळाच, पण शेकडो वर्गांच्या प्रमाणावर.

पश्चिम केनियात डुफ्लो, पास्कलीन डुपास आणि मायकेल क्रेमर यांनी केलेल्या प्रयोगात ८० च्या वर मुलांचे पहिलीचे वर्ग जास्तीचा कंत्राटी शिक्षक देऊन जवळपास निम्मे केले गेले. त्यात नेहमीच्या शासकीय शिक्षकाकडे राहिलेल्या मुलांना लहान वर्गाचा लक्षणीय लाभ झाला नाही, उलट जास्तीचा माणूस आल्यावर कायम शिक्षकांची वर्गातील उपस्थिती घटली. कंत्राटी शिक्षकाकडे गेलेली मुले मात्र पुढे गेली. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग सुमारे ३० वरून २० वर आणण्याचे ठरवले तेव्हा एकदम हजारो शिक्षक लागले, आणि अनुभव नसलेले, पूर्ण पात्रता नसलेले अनेक जण वर्गांवर उभे राहिले. लहान वर्गाचा काही फायदा त्यातच गळून गेला.

मराठवाड्यात या विषयावर बोलू लागले की कोणीतरी लातूर पॅटर्न पुढे करतोच. लातूरला एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुले बसतात आणि डॉक्टर होतात, मग तुमच्या तीस-चाळीसचे काय घेऊन बसलात, असा प्रश्न मला विस्तार अधिकाऱ्यांच्या बैठकीतही विचारला गेला आहे. उत्तर अवघड नाही. त्या वर्गात येणारे मूल दहावीला नव्वदच्या पुढचे गुण घेऊन आलेले, वाचन-लेखन पक्के झालेले आणि घरच्यांनी खोली करून दिलेले असते. त्याला शिक्षकाकडून हवे असते ते नेमके व्याख्यान आणि भरपूर सराव चाचण्या, आणि व्याख्यान शंभरांना देता येते. तिसरीतील मुलाचे 'प्र' कोठे अडते हे व्याख्यानात ऐकू येत नाही.

चौथा शिक्षक आणि वसतिगृह

२०१४-१५ मध्ये एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या, त्यामुळे त्यांचे परिणाम वेगळे काढणे मला जमलेले नाही. समायोजनातून शाळेला चौथे शिक्षक मिळाले. दुसऱ्या एका शाळेचा पट घटल्याने ते अतिरिक्त ठरले होते आणि तोवर सहावी-सातवीला शिकवत होते. त्याच वर्षी गावात हंगामी वसतिगृह सुरू झाले. हंगामी वसतिगृह म्हणजे प्रत्येक ठिकाणी इमारत असते असे नाही. आमच्याकडे मुले आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहत आणि दोन वेळचे जेवण शाळेत मिळे. पालकांना तयार करायला आम्ही ऑक्टोबरभर घरोघर फिरलो. एका आजीने मला विचारले होते, "गुरुजी, पोरगी ठिवते म्या, पर माझंच डोळं गेल्यात, रातच्याला तिला कोण बघंल?" तिच्या शेजारणीने जबाबदारी घेतल्यावरच ती मुलगी राहिली.

त्या वर्षी तिसरी-चौथीच्या ५८ पैकी नऊच मुले ऊसतोडीच्या फडावर गेली, ४९ राहिली. म्हणजे दिवाळीनंतर आपोआप मिळणारा लहान वर्ग आम्ही स्वतःच्या हाताने मोठा केला. याचा पश्चात्ताप करण्याचे कारण नाही. साधारण साडेचार महिने दरवर्षी बाहेर राहणारे मूल चौथीपर्यंत दीड वर्षाची शाळा गमावते. ही हानी आणि ३५ ऐवजी ४९ मुलांत बसण्याची हानी यांची तुलनाच होऊ शकत नाही. वर्गाचा आकार हा स्वतंत्र हेतू मानला तर या शाळेसाठी सर्वांत सोयीचे धोरण स्थलांतर चालू ठेवणे हे ठरले असते, इतकेच सांगतो.

दोन शिक्षक झाल्याने मुख्याध्यापकांनी खोल्या इयत्तेप्रमाणे केल्या : तिसरी बाईंकडे, चौथी नव्या सरांकडे. प्रमाण उत्तम झाले, २६ आणि २३. पण बाईंचे पायरीनुसार गट त्यामुळे तुटले. चौथीतील अक्षरांवर असलेली सात मुले आता चौथीचे पुस्तक घेऊन सरांसमोर बसली आणि सरांना अक्षरओळख शिकवण्याचा अनुभव नव्हता. महिनाभराने बाई आणि सर यांनी आपापसांत तोड काढली. सकाळचा पहिला तास दोन्ही खोल्या एकत्र धरायच्या : अक्षर-शब्दांची मुले बाईंकडे, परिच्छेद-गोष्टीची सरांकडे, मग प्रार्थनेनंतरच्या हजेरीतील इयत्ता काहीही असो. त्यानंतर मुले आपापल्या इयत्तेत जात. हरियाणात २०१२-१३ मध्ये शासकीय शिक्षकांनी दिवसाचा एक तास इयत्ता बाजूला ठेवून पायरीनुसार शिकवण्याचा प्रयोग केला आणि त्याला देखरेखीची जोड दिल्यावर भाषेत सुधारणा दिसली, हे मी पुढे वाचले. आमच्या बाईंनी आणि सरांनी ते वाचलेले नव्हते. त्यांना सात मुले डोळ्यासमोर बसलेली दिसत होती.

सरांच्या बाबतीत माझा अंदाज चुकला, हेही नोंदवतो. अतिरिक्त ठरलेला शिक्षक नाराज असतो, तो दिवस ढकलेल, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी डिसेंबरात स्वतःची वही सुरू केली. त्यांची वही बाईंच्या वहीइतकी नेटकी नव्हती, पण ते एका गोष्टीवर चार प्रश्न विचारून कोणाला अर्थ लागला हे लिहून ठेवत. बाईंच्या नोंदींत हा भाग तुलनेने कमी होता.

पुढे काय झाले

शिक्षकाचा परिणाम चाचणीपुरता राहतो की आयुष्यात उतरतो, यावर राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचे काम आहे. 'स्टार'मधील मुलांची पुढची मिळकत त्यांनी करांच्या नोंदींवरून शोधली. बालवर्गात चांगला वर्ग मिळाल्याचा चाचणीतील लाभ पुढच्या काही इयत्तांत विरून गेल्यासारखा दिसला आणि २७ व्या वर्षी मिळकतीत पुन्हा दिसून आला. लहान वर्गातील मुले महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण थोडे वाढले, आणि पहिल्याच वर्षी दहा वर्षांहून अधिक अनुभवाचा शिक्षक लाभलेल्यांची मिळकत जास्त आढळली. सुमारे २५ लाख मुलांवरच्या २०१४ मधील दुसऱ्या अभ्यासात, मुलांचे गुण सातत्याने उंचावणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली एक वर्ष काढलेली मुले पुढे अधिक शिकली, अधिक कमावू लागली, आणि मुलींमध्ये किशोरवयातील मातृत्वाचे प्रमाण कमी आढळले. बालविवाहाच्या प्रमाणात बीड आणि परभणी राज्यात वरच्या जिल्ह्यांत मोडतात, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा आमच्याकडे कोणालाही दूरचा वाटू नये.

मलाही तशी तुलना करावीशी वाटली. २०१२-१३ ची तिसरी मार्च २०२० मध्ये दहावीला बसली आणि करोनामुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द झाला. तिच्या मागच्या तुकडीची, म्हणजे बाईंकडे तिसरी केलेल्या मुलांची परीक्षा २०२१ मध्ये झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि राज्यातील जवळजवळ सर्व मुले उत्तीर्ण झाली. २०२२ ची परीक्षा कमी केलेल्या अभ्यासक्रमावर आणि आपापल्या शाळेतच झाली. तीन तुकड्यांचे गुण एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ उरला नाही.

म्हणून मी गुण सोडून दहावीपर्यंत कोण पोचले एवढेच पाहिले. २०१२-१३ च्या तिसरीतील ३१ पैकी मागे राहणारी १९ आणि फडावर जाणारी १२ होती. पहिल्यांपैकी १६ आणि दुसऱ्यांपैकी पाच जण दहावीच्या परीक्षेला बसले. २०१४-१५ मध्ये तिसरीत असताना वसतिगृहामुळे राहिलेल्या आठ मुलांपैकी सहा बसली. बारापैकी पाच आणि आठपैकी सहा हे अंतर मोठे दिसते, पण वसतिगृहात मूल ठेवायला तयार झालेले घर आधीच शाळेकडे थोडे झुकलेले असते. शेजारणीच्या भरवशावर राहिलेली ती मुलगी त्या सहांत आहे. ती सध्या अंबाजोगाईला शिकते. उरलेल्या दोघींची लग्ने सोळाव्या-सतराव्या वर्षी झाली. त्यांच्यातील एक चौथीत असताना त्या तुकडीतील सर्वांत अस्खलित वाचक होती. सरांच्या वहीत तिच्या पानावर 'चारही उत्तरे' अशी नोंद बारा वेळा आहे.

२०१६ मध्ये पती-पत्नी एकत्रीकरणातून बाईंची आंतरजिल्हा बदली झाली. वही त्यांनी कपाटात ठेवली आणि नव्या शिक्षकांना समजावूनही सांगितली. मी सप्टेंबरमध्ये ती उघडली तेव्हा जून-जुलैतील अकरा दिवसांच्या नोंदी वेगळ्या अक्षरात होत्या, पुढची पाने कोरी. नवे शिक्षक तेव्हा पुन्हा दोन वर्ग एकत्र सांभाळत होते, कारण चौथे पद पुन्हा रिकामे झाले होते. सकाळचा एकत्रित तास सर निवृत्त होईपर्यंत कसाबसा चालला.

केंद्र सोडताना दिलेल्या अहवालात मी दोन गोष्टी मागितल्या होत्या : स्थलांतराच्या गावांत पट ३० सप्टेंबरबरोबर १५ जानेवारीलाही मोजावा, आणि त्या दिवशी एका खोलीत एका शिक्षकासमोर प्रत्यक्ष किती मुले आहेत हे वेगळ्या रकान्यात लिहावे. अहवालाची पोच मिळाली. त्या केंद्रातील तीन शाळा जानेवारीची मोजणी अजूनही स्वतःहून करतात. ती मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या डायरीत असते, कारण कोणत्याही ऑनलाइन नमुन्यात तिच्यासाठी जागा नाही.